हे-फीव्हर: ठरलेल्या तारखेला येणाऱ्या शिंकांची दोनशे वर्षं



हा भाग तुम्ही आधीच ऐकला असेल, तर सातव्या मिनिटाच्या आसपास एक विचित्र कट जाणवला असेल. तिथं मी ओळीनं नऊ शिंका दिल्या होत्या. एडिट करताना मोजल्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पाऊस नुकताच आवरलेला, घरामागच्या टेकडीवर गवत कमरेइतकं वाढून तुऱ्यावर आलेलं, आणि मी खिडकी उघडी ठेवून रेकॉर्डिंगला बसलेलो. चूक माझीच.

मला हे दरवर्षी होतं. शाळेत असताना आई म्हणायची, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत बाहेर हिंडतोस, गार पितोस, म्हणून सर्दी होते. कॉलेजात मित्र एसीला दोष द्यायचे. पहिल्या नोकरीत एक सहकारी म्हणायचा, "याची सर्दी पगारासारखी आहे, तारीख चुकत नाही." गंमत म्हणजे सगळ्यांत नेमकं निरीक्षण त्याचंच होतं. पंचविशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही, की ही सर्दी नव्हेच. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, कधी अंग मोडून येतं, कणकण येते. माझं प्रकरण महिनाभर चालायचं. ताप नाही, पण डोळे चुरचुरतात, टाळू खाजते, नाकातून नुसतं पाणी. आणि दरवर्षी त्याच सुमाराला.

म्हणून आजचा विषय: परागकणांची अ‍ॅलर्जी. इंग्रजीत तिचं जुनं नाव हे-फीव्हर. यातलं 'हे' आपलं मराठी 'हे' नाही बरं का. 'हे' म्हणजे कापून वाळवलेलं गवत, जनावरांचा चारा. म्हणजे 'चाऱ्याचा ताप'. या आजारात ताप येत नाही आणि तो चाऱ्यामुळे होत नाही. नावातच दोन चुका. पण त्या कशा झाल्या, ते बघण्यासारखं आहे.

जे. बी., वय 46

मार्च 1819. लंडनमधल्या वैद्यकीय सोसायटीपुढे डॉ. जॉन बोस्टॉक एक निबंध वाचतात. रुग्णाचं नाव फक्त आद्याक्षरांत: जे. बी., वय 46. आठ वर्षांचा असल्यापासून दरवर्षी जून महिना आला की या माणसाचे डोळे लाल होतात, खाजतात, शिंकांचे झटके येतात, छाती भरून येते, श्वास पुरत नाही. जुलै संपता संपता सगळं आपोआप थांबतं.

जे. बी. म्हणजे अर्थातच जॉन बोस्टॉक. डॉक्टर स्वतःचीच केस सांगत होते.

त्यांनी स्वतःवर काय काय करून पाहिलं याची यादी वाचताना अंगावर काटा येतो. रक्त काढून घेतलं, जुलाबाची औषधं घेतली, अफू घेतली, गार पाण्यानं अंघोळी केल्या. उपयोग शून्य. मग आपल्यासारखे आणखी कोण आहेत, हे त्यांनी शोधायला घेतलं. नऊ वर्षांनी, 1828 मध्ये, दुसरा निबंध आला. त्यात त्यांच्याकडे एकूण 28 रुग्ण होते. सगळे बऱ्या घरचे. गरिबांमध्ये अशी एकही खात्रीची केस आपल्या कानावर आली नाही, असं त्यांनी नोंदवलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे शंभर-दीडशे वर्षं पाठ सोडत नाही.

तोवर लोकांनी आपलं निदान करून टाकलं होतं. इंग्लंडमध्ये जून-जुलै हा गवतकापणीचा हंगाम. गवत कापलं की त्याचा तो गोडसर वास येतो आणि नेमकं तेव्हाच हे सुरू होतं. मग वासामुळेच होत असणार! 'हे-फीव्हर' हे नाव असं लोकांच्या तोंडी बसलं. बोस्टॉकना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या मते दोष उन्हाचा आणि उकाड्याचा होता. ते समुद्रकाठच्या रॅम्सगेटला कड्यावरच्या घरात उन्हाळा काढायला गेले आणि तिथं त्यांना बराच आराम पडला. त्यांना वाटलं, गार हवेमुळे.

आज आपल्याला माहीत आहे, की समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे परागकण फार कमी असतात. म्हणजे डॉक्टरांचं कारण चुकलं होतं, उपाय बरोबर लागला होता. आणि गावठी म्हणून ज्यांच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, ती माणसं गवताकडे बोट दाखवत होती. वास आणि पराग यांत गल्लत झाली होती एवढंच.

मँचेस्टरचा पतंग

आता माझे सगळ्यांत लाडके पात्र. चार्ल्स ब्लॅकली. मँचेस्टरचे डॉक्टर आणि तेही होमिओपॅथ, म्हणजे तिथल्या बड्या डॉक्टरांच्या पंगतीत यांना पान नव्हतं. यांनाही हाच त्रास.

1859 साली घरात मुलांनी फुलदाणीत गवताचे तुरे ठेवले होते. ब्लॅकलींचा हात त्यांना लागला, बारीक धूळ उडाली आणि शिंका सुरू झाल्या. कुणीही नाक पुसून पुढे गेलं असतं. ब्लॅकली तिथंच थांबले आणि पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी या एका प्रश्नाला दिली.

आधी त्यांनी एकेक संशयित आणून उभा केला. उकाडा? तपासला. ऊन? तपासलं. ओझोन? तोही. कापलेल्या गवताचा तो गोड वास ज्या द्रव्यामुळे येतो ते कूमरिन थेट हुंगून पाहिलं. रस्त्यावरची धूळ. वेगवेगळ्या फुलांचे वास. मग परागकण. एका वेळी एकच गोष्ट, बाकी सगळं बाजूला ठेवून. प्रयोगशाळा एकच होती, त्यांचं स्वतःचं नाक. एका झाडाचे पराग हुंगायचे, त्रास होऊ द्यायचा, तो पूर्ण ओसरू द्यायचा, मग दुसऱ्याचे.

पुढे त्यांनी हाताची कातडी किंचित खरवडून त्यावर ओले केलेले परागकण लावले आणि पट्टी बांधली. दुसऱ्या हातावर तसंच खरवडून नुसतं पाणी. पराग लावलेल्या जागेवर खाज सुटली, गांध उठली, सूज आली. दुसरा हात शांत. तुम्ही आज अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलात तर हातावर पेनानं आकडे घालून थेंब टाकतात आणि सुईनं हलकंसं टोचतात ना, त्या स्किन टेस्टचं मूळ हे आहे.

तरी प्रश्न उरतोच: घरात बसलेल्या माणसाला, शेतापासून मैलभर दूर, पराग पोहोचतात कसे? ब्लॅकलींनी काचेच्या पट्ट्यांना ग्लिसरीनचं चिकट द्रावण लावलं, त्या उघड्यावर ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दररोज कण मोजले. हवेतल्या कणांचा आकडा आणि आपल्या त्रासाची नोंद शेजारी शेजारी लिहिली. दोन्ही बरोबरीनं चढत होते, बरोबरीनं उतरत होते. मग त्यांनी काचपट्ट्या पतंगाला बांधल्या आणि हजार फुटांच्याही वर चढवल्या. खाली होते त्यापेक्षा जास्त पराग वर सापडले! मँचेस्टरच्या आकाशात एक मध्यमवयीन डॉक्टर शिंका देत पतंग उडवतोय, हे चित्र मला फार आवडतं. संक्रांतीला आपण गच्चीवर असतो तेव्हा हे आठवून बघा.

हे सगळं 1873 च्या पुस्तकात आलं. ब्लॅकलींचा चार्ल्स डार्विन यांच्याशी यावर पत्रव्यवहारही झाला. एवढं असूनही पुस्तकानं क्रांती वगैरे काही केली नाही. त्या काळात जंतूंचा शोध गाजत होता. हेल्महोल्ट्झसारख्या थोर जर्मन शास्त्रज्ञाला स्वतःला हा त्रास होता आणि त्यांची खात्री होती, की नाकात जंतू शिरतात. ते नाकात क्विनीनचे थेंब घालून घ्यायचे.

एक जुळलेला योग सांगतो. त्याच 1873 साली आपल्याकडे कोलकात्यात डी. डी. कनिंगहॅम नावाचे लष्करी डॉक्टर तुरुंगाच्या आवारात हवा तपासत होते. वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या यंत्रात चिकट काच ठेवून. त्यांना शोध होता कॉलरा आणि तापांच्या कारणाचा. ते काही मिळालं नाही. काचेवर मिळाले ते बुरशीचे बीजाणू आणि परागकण. भारतातल्या हवेतल्या परागांची ही सुरुवातीची पद्धतशीर नोंद. हवेतून कॉलरा येतो का हे बघायला गेलेल्या माणसाच्या हाती आपल्या शिंकांचं कारण लागलं होतं. पण त्याला त्या वेळी ते नको होतं!

हवापालट, फक्त श्रीमंतांसाठी

अटलांटिकच्या पलीकडे खलनायक वेगळा. अमेरिकेत त्रास जूनमध्ये नव्हे, ऑगस्ट-सप्टेंबरात शिगेला जायचा. हार्वर्डमधले प्राध्यापक मॉरिल वायमन, अर्थातच स्वतः रुग्ण, यांना रॅगवीड नावाच्या तणाचा संशय होता. मोकळ्या, उकरलेल्या जमिनीवर कुठंही माजणारं, दिसायला अगदी फालतू झुडूप.

वायमन दर हंगामात न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये जायचे. तिथं त्यांना आराम पडायचा. 1870 च्या सप्टेंबरात त्यांनी केंब्रिजमधलं रॅगवीड कापून, पुडक्यात बंद करून त्या डोंगरातल्या हॉटेलात नेलं. तिथं सगळं छान चालू असताना त्यांनी आणि त्यांच्या मुलानं पुडकं उघडून हुंगलं. डोंगरातल्या स्वच्छ हवेत बापलेक शिंकांनी हैराण! झाडावरचा संशय पक्का झाला. नेमके परागच दोषी, हे मात्र त्यांनी ब्लॅकलींच्या नेटानं तपासलं नाही.

वायमननी 1872 च्या पुस्तकात नकाशाच छापला, कुठं गेलं तर हा त्रास होत नाही याचा. आणि इथून एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. 1874 मध्ये बेथलेहेम या डोंगरी गावात 'युनायटेड स्टेट्स हे-फीव्हर असोसिएशन' स्थापन झाली. सभासद कोण? वकील, धर्मोपदेशक, व्यापारी, प्राध्यापक. दरवर्षी ऑगस्टमध्ये सगळे तिथं जमायचे. हॉटेलं भरायची. रेल्वे कंपन्या जाहिराती करायच्या. सहा-सहा आठवडे काम सोडून डोंगरात राहणं कुणाला परवडतं? त्यामुळे हा आजार असणं हे जवळजवळ प्रतिष्ठेचं लक्षण बनलं. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी 1876 मध्ये लिहिलं, की हा मज्जातंतूंचा आजार आहे, बुद्धीनं काम करणाऱ्या नाजूक, सुसंस्कृत माणसांना होणारा. जुन्या इंग्लंडातलं तेच: गरिबांना होत नाही.

मला इथं थोडं थांबायचंय. गरिबांना खरंच होत नव्हता, की गरिबांचं कुणी विचारत नव्हतं? गिरणीतली बाई महिनाभर शिंकत काम करत असेल, तर ती कुठल्या डॉक्टरच्या नोंदवहीत येणार? दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात असं मला वाटतं. शेतकऱ्यांमध्ये हा त्रास खरोखरच कमी दिसतो हे ब्लॅकलींनीही टिपलं होतं. सगळ्यांत जास्त पराग ज्याच्या नाकात जातात, त्यालाच कमी त्रास. ब्लॅकलींनी एक शक्यता लिहून ठेवली: सतत संपर्कात राहिल्यामुळे शरीराला सवय होत असेल. हे वाक्य म्हणजे पुढच्या उपचाराचं बीज होतं.

'नाजूक नसां'वाल्यांनाही थोडा आधार मिळाला बरं का. 1886 मध्ये बाल्टिमोरचे डॉ. मॅकेंझी यांच्याकडे गुलाबाच्या वासानं शिंका येणारी एक रुग्ण यायची. त्यांनी एक दिवस तिच्यासमोर हुबेहूब कृत्रिम गुलाब धरला. तिला त्रास सुरू झाला! मग त्यांनी सांगितलं, की हे फूल खोटं आहे. हा किस्सा अजूनही 'अ‍ॅलर्जी म्हणजे मनाचे खेळ' असं म्हणायला वापरतात. पण त्यातून निघतं ते एवढंच, की वर्षानुवर्षं त्रास झालेलं शरीर नुसत्या चाहुलीनंही दचकू शकतं.

आणि गुलाब बिचारा तसाही निर्दोष. ज्या फुलांना रंग आणि वास असतो, त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते मधमाश्या-फुलपाखरं नेतात. वाऱ्यावर परागांची खैरात करतात ती न दिसणारी फुलं: गवतं, तणं, काही झाडं. आपण गुलमोहराला शिव्या घालतो आणि खरा चोर पायाखाली हिरवागार उभा असतो.

विषच थोडं थोडं द्यायचं

1911 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी टिमोथी गवताच्या परागांचा अर्क काढला. तो रुग्णाला टोचायचा, आधी अगदी सूक्ष्म मात्रेत, मग हळूहळू वाढवत, आणि हे सगळं हंगाम सुरू व्हायच्या आधी. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. त्यांना वाटत होतं, की परागांत विष असतं आणि या इंजेक्शनांनी शरीरात उतारा तयार होईल, घटसर्पासारखा. ही कल्पना चुकीची होती. परागांत विष नसतं. पण उपचार चालला! पुन्हा बोस्टॉकसारखंच झालं, कारण चुकलं आणि गुण आला.

नूनना स्वतःला क्षयानं गाठलं होतं. 1913 मध्ये, अवघ्या पस्तिशीत ते गेले. काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं. त्याच हॉस्पिटलात 1954 मध्ये विल्यम फ्रँकलंड यांनी या इंजेक्शनांची नीट तुलना करून चाचणी घेतली, म्हणजे काहींना खरा अर्क, काहींना नाही, आणि उपयोग होतो हे दाखवलं. फ्रँकलंड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेले. ते 108 वर्षं जगले. लहानपणी शेतावर गवताचं काम करताना त्यांनाही हाच त्रास व्हायचा. म्हणजे 'शेतकऱ्यांना होत नाही' याला अपवाद थेट त्यांच्याच घरी.

मग शरीरात नेमकं होतं काय? 'अ‍ॅलर्जी' हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. शरीराचा प्रतिसाद बदललेला असतो, असा त्याचा रोख. 1921 मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोघांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनरना मासे चालायचे नाहीत. त्यांच्या रक्तातलं सीरम प्राउस्निट्झनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथं गांध उठली. म्हणजे रक्तात काहीतरी आहे, जे एका माणसातून दुसऱ्यात जातं. ते 'काहीतरी' सापडायला पंचेचाळीस वर्षं लागली. 1966 मध्ये अमेरिकेत काम करणारं जपानी जोडपं, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, यांनी रॅगवीडच्या रुग्णांच्या रक्तातून ते वेगळं केलं. जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्येही त्याचा माग लागला. त्याचं नाव आयजीई. आज तुमच्या ब्लड रिपोर्टमध्ये येतं ते हेच.

सोप्या भाषेत सांगायचं, तर अ‍ॅलर्जी असलेल्याचं शरीर निरुपद्रवी परागाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करतं. हे आयजीई नाकातल्या, डोळ्यांतल्या विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखं बसतं. पुढच्या वेळी पराग आला, की पेशी फुटल्यागत हिस्टामिन सोडतात. खाज, पाणी, शिंका. थोडं विषाणूला हुसकावण्यासारखंच, फक्त इथं हुसकावण्यासारखं काही नसतं.

झोप आणणारी गोळी

हिस्टामिनलाच अडवलं तर? 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाऊब यांनी तसं करणारं पहिलं द्रव्य शोधलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण वाट सापडली. बोव्हेंना 1957 मध्ये नोबेल मिळालं. 1946 पासून अमेरिकेत बेनाड्रिल मिळू लागलं आणि डोंगरातल्या हॉटेलांचा धंदा बसायला वेळ लागला नाही. जे फक्त श्रीमंतांना परवडत होतं, ते आता गोळीत आलं.

अडचण एकच. जुन्या पिढीतली ही औषधं मेंदूत शिरतात. माणूस शिंकत नाही, पेंगतो. आपल्याकडच्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आजही क्लोरफेनिरामिन असतं, म्हणून त्या घेतल्या की दुपारी लेक्चरला मान टेकते. ती गोळी घेऊन बाइक चालवू नका, खरंच. नंतर झोप न आणणारं टर्फेनाडिन आलं आणि गाजलं. पण काही औषधांबरोबर घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडतात हे कळल्यावर अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते मागे घेतलं गेलं. आज मिळणारं फेक्सोफेनाडिन म्हणजे टर्फेनाडिनपासून शरीर स्वतःच जे बनवायचं, ते. काम तेच, धोका वजा करून.

आणि आपलं गाजर गवत

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंड-अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय?

रॅगवीडचा एक जवळचा नातेवाईक आपल्या दारात आहे. पार्थेनियम, म्हणजे गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते पसरतंय हे 1950 च्या दशकाच्या मध्यात लक्षात आलं, आणि कुठं? आपल्या पुण्यात. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढे पुण्यात त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची लाटच आली. बेंगळुरूच्या संशोधकांनी नंतर दाखवलं, की त्याच्या परागांनी नाकाची अ‍ॅलर्जीही होते, आणि रॅगवीडची अ‍ॅलर्जी असलेल्याचं शरीर गाजर गवतालाही ओळखतं. म्हणजे अमेरिकेतून आलेला आपला चुलतभाऊ पुण्यात शिकायला आला, तर त्याच्या नाकाला घरच्यासारखंच वाटेल!

वायमननी पाहिलं होतं तेच इथंही खरं आहे. ही तणं जंगलात नव्हे, तर आपण उकरलेल्या जमिनीवर माजतात. रेल्वेचे रूळ, बांधकामाची जागा, रस्त्याची कड, पडीक प्लॉट. शहर जितकं फुगतं तितकी यांची चैन. उत्तरेत सरपण आणि हिरवाईसाठी लावलेली वेडी बाभूळही आता तिथल्या परागांच्या अ‍ॅलर्जीचं एक मोठं कारण आहे.

आणि 'गरिबांना होत नाही' याचं काय झालं? 1989 मध्ये डेव्हिड स्ट्राकन यांनी ब्रिटनमधल्या सतरा हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना हे-फीव्हर कमी. गर्दीच्या घरात लहानपणी जंतूंशी गाठ पडते, त्यातून शरीर शहाणं होतं, असा त्यांचा अंदाज. शेतावर, गोठ्याशेजारी वाढलेल्या मुलांमध्येही अ‍ॅलर्जी कमी असल्याचं पुढे अनेक देशांत दिसलं. याचा अर्थ हात धुवू नका असा नाही! पण गावातून शहरात आलेली आपली पहिली-दुसरी पिढी शिंकतेय आणि आजोबा उभ्या गवतात विळा घेऊन शिरायचे ते मजेत, याचं थोडं उत्तर इथं असावं.

एवढ्याशा शिंकेचं काय घेऊन बसलात?

21 नोव्हेंबर 2016, मेलबर्न. तिथला वसंत संपत आलेला, राय गवत भरात. संध्याकाळी वादळ आलं. ओलसर हवेत परागकण फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे झाले. अख्खा परागकण नाकातच अडकतो, हे तुकडे थेट फुप्फुसात गेले. काही तासांत हजारो लोक श्वास लागून हॉस्पिटलांकडे धावले. दहा जण दगावले. आलेल्यांत कितीतरी जणांना दमा आहे हे आधी माहीतच नव्हतं. हे-फीव्हर मात्र होतं.

म्हणून, शिंकांबरोबर छातीत शिट्टी वाजत असेल, रात्री खोकला येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर पॉडकास्ट थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांसाठी, माझ्या डॉक्टरांकडून आणि माझ्या चुकांमधून जमलेलं सांगतो. बोस्टॉकसारखं समुद्रावर जाणं आपल्याला जमणार नाही, पण हंगामात सकाळी खिडक्या बंद ठेवणं, बाहेर मास्क आणि गॉगल, घरी आल्यावर कपडे बदलणं, झोपण्याआधी केस धुणं हे तेच आहे, फुकटात. कोविडचे मास्क ड्रॉवरमध्ये पडलेत ना? काढा.

नाक सारखं चोंदत असेल तर गोळीपेक्षा स्टेरॉइडचा नेजल स्प्रे जास्त उपयोगी पडतो. 'स्टेरॉइड' ऐकून घाबरायला होतं, मलाही झालं होतं. पण त्याची मात्रा फार कमी असते. तो एकदा मारून लगेच काही होत नाही, रोज घ्यावा लागतो. डॉक्टर सहसा हंगामाच्या थोडं आधी सुरू करायला सांगतात. याच्याशी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची गल्लत करू नका. ते दोन मिनिटांत जादू करतात, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक उलट जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. मी दोन महिने त्या चक्रात होतो.

जलनेतीनं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुण्यानं, पराग खरंच धुऊन जातात. फक्त पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाचं तसंच नाकात घालू नका, त्यात क्वचित जीवघेणा अमीबा असू शकतो. वाफेनं तात्पुरतं बरं वाटतं, अ‍ॅलर्जी थांबत नाही.

आणि वर्षभर शिंका येत असतील, विशेषतः सकाळी अंथरुणात, तर परागांऐवजी गादीतल्या धुळीचे किडे किंवा पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी असू शकते. इथं ब्लॅकलींची युक्ती करा. फोनच्या नोट्समध्ये तारीख, जागा आणि त्रास लिहून ठेवा. दोन हंगामांत चित्र दिसायला लागतं आणि डॉक्टरांना स्किन टेस्टमध्ये काय काय तपासायचं ते कळतं. नून यांची पद्धतही अजून चालू आहे, इंजेक्शनांतून किंवा जिभेखालच्या थेंबांतून. पण ती साधारण तीन वर्षं चिकाटीनं घ्यावी लागते. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहायचं, कारण क्वचित जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

माझं दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या वर्षी याच आठवड्यात रेकॉर्डिंग करणं शक्यच नव्हतं, या वर्षी नऊ शिंकांवर भागलं. आईला अजून वाटतं, की मी गार पाणी सोडलं म्हणून.